१० हजारांच्या आसपास चांगली अकूस्टिक गिटार: मराठवाड्यात राहून निवडायची कशी

बारावी, नीट, सीईटी सगळं आटपलं की मे-जूनमध्ये आपल्याकडं गिटार घेणाऱ्यांची गर्दी सुरू होते. लातूर-नांदेडला क्लाससाठी दोन-दोन वर्षं खोलीत बसलेली लेकरं घरी येतात, हातात मोकळा वेळ असतो, घरचेही खुश असतात आणि मग सगळे एकच विचारायलेत, "दादा, बजेट दहा हजार हाय, कुठली घेऊ?" प्रश्न एका ओळीचा आहे पण उत्तर एका ओळीत दिलं तर विचारणाऱ्याचंच नुकसान होतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. पहिल्या गिटारमध्ये ब्रँड, रंग, चकाकी हे सगळं नंतर, आधी बघायचं ते एवढंच की नेक (गिटारची मान, लांब दांडी) सरळ आहे का आणि तारा फ्रेटबोर्डच्या (नेकवरची फळी, जिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट असतात) जवळ बसल्यात का. तारा उंच असल्या की बोटं सोलून निघतात, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे बोटांनी तारा दाबून एकदम वाजवायचे अनेक स्वर) काही केल्या लागत नाही, शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमंना, आणि महिना-दीड महिन्यात गिटार कपाटावर जाते. लई लोकांनी गिटार सोडायचं कारण हेच असतं, त्यांच्या बोटात काही खोट नसते. आणि दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात ४२-४३ डिग्री, दुपारी हवेत ओलावा नावाला, वर घरात कूलर, मग एकदम पाऊस. लाकडाला हे सगळं कळतं, त्यामुळं मुंबई-बंगळुरूच्या माणसाला जो सल्ला लागू पडतो तो जालन्या-परभणीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी काय वाजवायचंय ते ठरवा

गाणी म्हणत म्हणत कॉर्ड वाजवायच्या असतील, हिंदी-मराठी सिनेमाची गाणी, भावगीतं, कॉलेजच्या गॅदरिंगला दोन गाणी, तर तुम्हाला स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार लागणार. नायलॉनच्या तारांची ती क्लासिकल गिटार, तिचा नेक रुंद असतो (नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, साधारण ५२ मिमी, स्टीलवालीचा ४३ च्या आसपास), आवाज मऊ असतो, बोटांनी छेडून वाजवायला ती छान, पण जोरात स्ट्रमिंग करायला (सगळ्या तारांवर एकदम हात मारून वाजवायला) आणि गाण्याला साथ द्यायला नवशिक्याला स्टीलवालीच सोयीची पडते. काही जण म्हणतात नायलॉनवर बोटं दुखत नाहीत म्हणून ती घ्या. दुखणं कमी असतं हे खरंय, पण रुंद नेकवर लहान हाताला कॉर्ड पकडणं अवघड जातं.

आणि एक गोष्ट कधीच करू नका, क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. स्टीलच्या लाइट सेटचा सगळा मिळून ओढा ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा ४० किलोच्या आसपास असतो. गिटार ज्या ओढ्यासाठी बनवली त्याच्या पावणेदोनपट ओढा पडला की ब्रिज (बॉडीवरचा तुकडा, ज्यात तारा अडकवलेल्या असतात) उपटतो नाहीतर वरची फळी फुगते. असली फुगलेली गिटार दुरुस्त करायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात दुसरी येते.

पिकअपवाली (आवाज स्पीकरपर्यंत न्यायची सोय बसवलेली), म्हणजे सेमी-अकूस्टिक घ्यावी का, हा पण प्रश्न येतो. स्टेजवर वाजवायचं नक्की असंल तरच घ्या. त्याच किमतीत पिकअप बसवून दिला म्हणजे कंपनीनं लाकडात नाहीतर कामात कुठंतरी पैसे वाचवलेत असं समजा, आणि पुढं गरज पडलीच तर पिकअप नंतरही बसवून मिळतो.

साइज

दुकानात ३८, ४०, ४१ असे आकडे ऐकू येतील. तो गिटारचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा इंचातला अंदाजे माप असतो, त्यावरून गिटार चांगली का वाईट ते कळत नाही. बॉडीचा आकार जास्त महत्त्वाचा. सगळ्यात जास्त दिसतो तो ड्रेडनॉट, मोठी, चौकोनी खांद्याची, कंबर कमी असलेली बॉडी. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं हा आकार १९१६ साली डिटसन नावाच्या विक्रेत्यासाठी बनवला होता आणि त्याला नाव दिलं त्या काळच्या एका ब्रिटिश युद्धनौकेचं, यावरूनच कळतं की तो मोठा आहे. आवाज भरदार, खर्ज दणदणीत. पण उंची कमी असंल, हात लहान असतील तर उजवा हात बॉडीवरून खाली आणताना खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते. अशांनी कॉन्सर्ट नाहीतर ओएम आकाराची घ्यावी, कंबर बारीक असते, मांडीवर नीट बसते, आवाज थोडा कमी पण स्वच्छ.

बघायचं कसं? हात नसलेल्या खुर्चीवर बसा, गिटार उजव्या मांडीवर घ्या, उजवा हात साउंडहोलवर (बॉडीवरच्या गोल भोकावर) आणा आणि डाव्या हातानं पहिल्या फ्रेटपर्यंत पोचा. खांदा उचलला नाही आणि डावं कोपर ताठ झालं नाही तर साइज बरोबर. आठ-दहा वर्षांच्या लेकरासाठी ३४ ते ३६ इंची बघा, "पुढं मोठं होईल, तेव्हा पण चालंल" म्हणून ४१ इंची घेऊन देऊ नका, कपड्यात चालतं ते इथं चालत नाही, तोपर्यंत ते शिकणंच सोडून देतं. डावखुऱ्यांनी आधी साधी उजवी गिटार हातात घेऊन बघावी असं माझं मत, दोन्ही हातांना नवीनच काम असतं, आणि डावखुरी गिटार आपल्या भागात निवडून बघायला मिळणं अवघड आहे.

पैशाचं गणित

दहा हजार बजेट असंल तर दहा हजाराची गिटार घ्यायची नाही. साडेसात-आठची घ्या आणि बाकीचे जपून ठेवा, कारण त्यात जाड अस्तराची बॅग (८०० ते १,२०० ला बरी येते), एक जास्तीचा तारांचा सेट (४०० ते ७००), कॅपो (नेकवर लावायचा चिमटा), दोन-चार पिक (तारा छेडायच्या चकत्या) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेटअप (गिटार वाजवायला सोपी पडेल अशी जाणकाराकडून जुळवून घेणं), एवढं बसवायचंय. सूर जुळवायचा ट्यूनर फोनवर फुकट मिळतो, क्लिपवाला नंतर घेतला तरी चालतो.

आता भाव, हे अंदाज आहेत, सणासुदीला खालीवर होतात. अडीच-तीन हजारात ३८ इंची, लिंडनवूड नावाच्या लाकडाच्या गिटारी मिळतात, जुआरेझ वगैरे, बरोबर बॅग-पिक-तारा सगळं देतात आणि म्हणून ते लई स्वस्त वाटतं. त्यातली एखादी खरंच बरी निघते पण दहातली कुठली तुमच्या दारात येईल ते सांगता येत नाही, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जास्त असायचीच शक्यता मोठी. शाळकरी लेकराला आवड आहे का नाही एवढंच बघायचं असंल तर ठीक, मात्र सेटअप करूनच हातात द्या. पाच ते सात हजारात कॅडेन्स, व्हॉल्ट यांच्यासारख्या देशी ब्रँडच्या गिटारी येतात, इथं काम सुधारलेलं दिसतं, तारा ताणायच्या चाव्या बऱ्या असतात. गिव्हसन, हॉबनर ही आपल्याकडं जुनी नावं. गिव्हसन कोलकात्याची, अमेरिकेतली गिब्सन वेगळी, नावावरून गोंधळ करू नका. या गिटारी हातात घेऊन, तपासूनच घ्याव्यात असं मी म्हणेन.

आठ ते अकरा-बारा हजारात यामाहाच्या एफ २८०, एफ ३१० ह्या येतात, आणि बजेट तिथपर्यंत ताणता येत असंल तर माझं बोट तिकडंच जाईल. आवाज जगावेगळा आहे म्हणून नाही. कारण असं की एक गिटार आणि दुसरी गिटार यात फारसा फरक पडत नाही, सगळ्या साधारण सारख्या बनून येतात. हिंगोली-बीडला बसून न बघता मागवणाऱ्याला हीच गोष्ट लाखमोलाची आहे. एफ ३१० चं तारांचं माप, म्हणजे नटपासून ब्रिजवरच्या सॅडल नावाच्या पट्टीपर्यंतचं अंतर, ६३४ मिमी आहे, नेहमीच्या ६५० पेक्षा थोडं कमी, त्यामुळं तारा जराशा ढिल्या लागतात आणि नवीन बोटांना तेवढंच बरं.

त्याच्या वर, अठरा-वीस हजाराच्या पुढं, खऱ्या लाकडाच्या अखंड टॉपच्या (टॉप म्हणजे वरची फळी) गिटारी सुरू होतात, यामाहा एफजी ८००, फेंडर सीडी ६० एस. फेंडरमध्ये ते शेवटचं 'एस' बघून घ्या, साध्या सीडी ६० चा टॉप लॅमिनेटेड (थर चिकटवलेला) असतो आणि 'एस'वालीचा सॉलिड (अखंड), विकणारा कधी कधी दोन्ही एकच म्हणून सांगतो.

लाकडाच्या नादी किती लागायचं

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून, टॉपमधून येतो. तो बहुतेक स्प्रूसचा असतो, काहींचा सीडर किंवा महोगनीचा. सॉलिड टॉप म्हणजे अखंड लाकूड, लॅमिनेटेड म्हणजे पातळ थर एकावर एक चिकटवलेले, प्लायसारखे. सॉलिडचा आवाज खुला येतो आणि वाजवत राहिलं तर वर्षांनी अजून खुलतो असं वाजवणारे सांगतात. ओळखायचं असंल तर साउंडहोलची कड टॉर्च मारून बघा, वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर सॉलिड, आडवे थर दिसले तर लॅमिनेटेड. कडेला प्लास्टिकची पट्टी लावलेली असंल तर हे दिसत नाही, मग मॉडेलचं नाव कंपनीच्या साइटवर जाऊन बघायचं.

आता आपल्या भागाचं बोलतो. अखंड लाकूड ओलावा ओढतं आणि सोडतं, कोरड्या हवेत आकसतं, दमट हवेत फुगतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के ओलावा मानवतो. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी तो २०-२५ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि ऑगस्टमध्ये ८० च्या पुढं जातो. अशा हवेत सॉलिड टॉपला रोज सांभाळावं लागतं, नाहीतर चीर पडते. लॅमिनेटेडचे थर एकमेकांना आडवे धरून ठेवतात म्हणून ते इतकं हलत नाही. त्यामुळं पहिली गिटार, बारा हजाराच्या आतलं बजेट, पत्र्याचं घर किंवा हॉस्टेलची खोली असं असंल तर लॅमिनेटेड घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. सॉलिड टॉप दुसऱ्या गिटारला घ्या, तोपर्यंत कानही तयार होतो.

बाजूच्या आणि पाठीच्या लाकडाबद्दल नवशिक्यानं डोकं शिणवू नये. फ्रेटबोर्डवर रोझवूड लिहिलेलं असंल तर ते म्हणजे आपली शिसवी किंवा तिचीच भाऊबंद. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली बंदीसारखे कडक नियम आले, आणि आज जगभरच्या चांगल्या चांगल्या गिटारींच्या पाठीला भारतातली शिसवी असते, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

दुकानात गेल्यावर

सोबत वाजवणारा कुणी मिळाला तर न्याच, पण नाही मिळाला तरी खालच्या गोष्टी न वाजवता येणाऱ्यालाही तपासता येतात. फोन, तीन-चार सपाट एटीएम कार्डं (उठावाचे आकडे नसलेली) आणि एक व्हिजिटिंग कार्ड घेऊन जा. दुकानदाराला आधीच सांगा की बसून बघायची आहे, अर्धा तास लागंल. चांगला दुकानदार खुर्ची देतो. जो म्हणतो "सगळ्या सारख्याच हायेत, उघडून कशाला बघायची" त्याच्याकडून नका घेऊ.

सगळ्यात आधी गिटार ट्यून करून घ्या, फोनवरच्या ॲपनं, जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. हे न करता पुढचं काहीच बघू नका. तारा ढिल्या असल्या की ॲक्शन खाली दिसते, नेक सरळ दिसतो, सगळं छान छान वाटतं आणि घरी येऊन ट्यून केली की खरं रूप कळतं.

मग ॲक्शन. बारावा फ्रेट शोधा, तिथं नेकवर सहसा दोन ठिपके असतात. सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, वरची, तिच्या आणि फ्रेटच्या धातूच्या मधे एटीएम कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, जगभर तेच माप. तीन कार्डं म्हणजे २.३ मिमी. तीन कार्डं तारेला जेमतेम लागत गेली तर एकदम छान. चार कार्डं, म्हणजे तीन मिमी, जराही न अडकता आरामात जात असतील तर ॲक्शन उंच आहे, सेटअप करून खाली येते का ते बघावं लागंल. पहिल्या, बारीक तारेखाली दोन ते अडीच कार्डांइतकी जागा पाहिजे.

उंच असली तर खाली येऊ शकते का, हे कसं कळणार? सॅडल बघा, म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी जिच्यावरून तारा जातात. ती ब्रिजच्या वर चांगली तीन मिमी तरी दिसली पाहिजे, मग ती घासून तारा खाली आणता येतात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडल एक मिमी घासावी लागते, दुप्पट. सॅडल आधीच ब्रिजला टेकायला आलेली आणि तरी तारा उंच, अशी गिटार असली तर तिच्या नेकचा कोनच बिघडलाय, ती कितीही स्वस्त दिली तरी ठेवून द्या. हे एक तपासणं जमलं तरी तुमचे पैसे वाचले.

नेक. सहावी तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हातानं तीच तार चौदाव्या फ्रेटवर दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. मधे, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. तार फ्रेटला पूर्ण चिकटली तर नेक मागं गेलाय, फट मोठी असली तर पुढं वाकलाय. दोन्ही ट्रस रॉडनं सुधारता येतं, तो नेकच्या आतला लोखंडी रॉड असतो, साउंडहोलमधून किंवा डोक्याकडून (नेकच्या टोकाला चाव्या असतात ते) ॲलन की नावाच्या षटकोनी किल्लीनं फिरतो. गिटारला ट्रस रॉड आहे आणि तो फिरतो, हे दुकानदाराकडून बघून घ्या, लई स्वस्त गिटारीत तो नसतोच.

त्यानंतर सहाही तारा, प्रत्येक फ्रेट, एकेक दाबून छेडा. वेळ लागतो, लागू द्या. कुठं झर्र्र असा आवाज आला, किंवा दोन शेजारच्या फ्रेटवर एकच सूर निघाला, तर तिथला फ्रेट वरखाली आहे. एखाद्या ठिकाणी हलकंसं झर्र आलं तर सेटअपमध्ये जातं, बऱ्याच ठिकाणी आलं तर दुसरा पीस मागा. मग नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा वरखाली फिरवा, फ्रेटची टोकं टोचायला नकोत. आपल्याकडं उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि टोकं बाहेर येतात, त्यामुळं मे महिन्यात दुकानात हे तपासणं जास्त उपयोगी, जे टोचायचं ते तेव्हाच टोचतं.

सूर बरोबर लागतो का हे असं बघा: बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटीसारखा स्वर येतो, ट्यूनरवर बघा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत, काटा थोडासा हलला तर चालतं. जास्त फरक असंल तर खाली कॉर्ड सुरात आणि वर बेसूर असं कायमचं होत राहतं, आणि शिकणाऱ्याचा कानच चुकीचा तयार होतो.

चाव्या फिरवून बघा, घट्ट पण गुळगुळीत फिरायला पाहिजेत, फिरवली आणि थोडा वेळ काहीच झालं नाही असं नको. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, आत गेला तर गोंद सुटायलाय. फोनची टॉर्च साउंडहोलमधून आत मारा, आतल्या पट्ट्या नीट चिकटलेल्या दिसल्या पाहिजेत, गोंदाचे ओघळ थोडे असले तर काळजी नाही पण सुटलेली पट्टी नको. आणि टॉपवर बोटाच्या पेरानं हळू टिचकी मारत फिरा, कुठं खुळखुळ आली तर आत काहीतरी ढिलं आहे.

एवढं झाल्यावर मग आवाज. तुम्हाला वाजवता येत नसंल तर दुकानातल्याला वाजवायला लावा आणि तुम्ही समोर चार-पाच फुटांवर उभे राहा, कारण गिटारचा आवाज पुढं जातो. दोन-तीन गिटारी त्याच माणसाला तेच वाजवायला सांगा आणि मान फिरवून, न बघता ऐका. जी कानाला आवडली ती तुमची.

गावात दुकान नसंल तर

आपल्याकडं पेटी-तबल्याची दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याला सुद्धा सापडतो, भजनी मंडळं आहेत ना, पण गिटारी निवडून बघायच्या तर संभाजीनगर, नांदेड, लातूर नाहीतर थेट पुणं गाठावं लागतं. एक फेरी करता येत असंल तर कराच. नाहीच जमलं तर ऑनलाइन मागवा पण परत करायची मुदत आणि नियम ऑर्डरच्या आधी वाचा, काही ठिकाणी फक्त बदलून देतात, पैसे देत नाहीत. बॉक्स उघडताना सुरुवातीपासून एकसलग व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे. मे महिन्यात आलेला बॉक्स कुरिअरच्या गाडीत तापून आलेला असतो, तो घरात सावलीत काही तास तसाच ठेवा आणि मग ट्यून करा. आणि वर दुकानासाठी सांगितलेल्या सगळ्या तपासण्या पहिल्याच दिवशी करा, मुदत संपल्यावर नाही.

गिटार घेऊन प्रवास करताना एसटीत ती स्वतःच्या जवळ, पायांच्या मधे उभी धरा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकू नका, वर बॅगा पडतात आणि खालून इंजिनची गरमी लागते.

जुनी गिटार

हा रस्ता मला फार आवडतो आणि लोक याकडं बघतच नाहीत. इंजिनिअरिंग, मेडिकलची पोरं शेवटचं वर्ष संपलं की खोली रिकामी करतात आणि चांगल्या गिटारी निम्म्या-पाऊण किमतीत जातात, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर. दहा हजारात नवीन जे मिळतं त्याच्या वरची गिटार अशी सहा-सात हजारात मिळू शकते. तपासण्या त्याच, फक्त तीन गोष्टी जास्त बघा: ब्रिजच्या मागं टॉप फुगलाय का (डोळा कडेला लावून आडवं बघा, किंचित फुगवटा चालतो, डोंगर नको), डोकं आणि नेक जिथं जोडतात तिथं चीर बुजवल्याची खूण आहे का, आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांनी खड्डे पाडलेत का. तारा गंजलेल्या असतील तर घाबरू नका, तारा नवीन येतात. फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका, हातात घेऊनच द्या.

घरी आणल्यावर पहिलं काम सेटअप

सेटअप म्हणजे ट्रस रॉड जुळवणं, नटच्या खाचा बघणं, सॅडल घासून ॲक्शन बसवणं. पाचशे ते हजार-बाराशेत होतं, माणसावर अवलंबून. तीन-चार हजाराच्या गिटारला हजाराचा सेटअप जास्त वाटतो, पण त्याच गिटारला सगळ्यात जास्त गरज असते आणि फरक पण तिथंच सगळ्यात जास्त कळतो. ट्रस रॉड यूट्यूब बघून स्वतः फिरवायचा असंल तर एका वेळी पाव फेरा, मग परत ट्यून करून बघणं, आणि जोर लागायला लागला की थांबणं. सॅडल मात्र जाणकाराकडूनच घासून घ्या, जास्त घासली की परत वाढत नाही.

त्याच वेळी तारा बदलून घ्या. नवशिक्याला १० किंवा ११ चा सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० किंवा ०.०११ इंचाची. बऱ्याच गिटारींवर कंपनीतून १२ चा सेट येतो, आवाज भरदार पण बोटांना जड. नंतर बोटं कडक झाली की १२ लावा. पहिले तीन-चार आठवडे टोकं दुखणारच, रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवा, आठवड्यातून एकदा तीन तास नको.

आपला उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

बंद कारमध्ये मे महिन्यात ६० डिग्रीच्या वर जातं, आणि गिटारचा गोंद त्या गरमीत नरम पडायला लागतो. वर तारांचा ओढा चालूच असतो, म्हणून ब्रिज उचलतो. कारमध्ये, गच्चीच्या खोलीत, पत्र्याखालच्या माळ्यावर गिटार ठेवायची नाही. घरातली सगळ्यात थंड, आतली खोली, बाहेरच्या उन्हानं तापणाऱ्या भिंतीपासून लांब, बॅगमध्ये.

कूलरचं लोकांच्या लक्षातच येत नाही. दुपारी बाहेरची हवा कोरडी ठण्ण, आणि कूलरसमोर ओल्या वाळ्याची हवा. गिटार कूलरच्या झोतात ठेवली की रोज फुगते आणि कूलर बंद झाला की रोज आकसते, तारा तर महिन्याभरात तांबूस पडतात. वाजवताना कूलर चालू असला तर बाजूला बसा, वाजवून झालं की तारा सुती कापडानं पुसून बॅगमध्ये ठेवून चेन लावा. सॉलिड टॉप असंल तर ओलावा मोजायचं छोटं यंत्र बॅगेत टाका, तीन-चारशेत मिळतं, आणि ३५ टक्क्यांच्या खाली गेलं की साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, पाणी गळता कामा नये. तारा अचानक खाली येऊन झर्र वाजायला लागल्या तर गिटार बिघडली असं समजू नका, टॉप कोरडा पडून खाली बसलाय, ओलावा मिळाला की बहुतेक वेळा परत येतो. पावसाळ्यात उलट होतं, टॉप फुगून ॲक्शन वर जाते, तेव्हा बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि भिंतीला टेकवून ठेवणं टाळा, ओल धरलेली भिंत असली तर नक्कीच. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एकदम उतरतो, तेव्हा रोज ट्यून करावी लागली तर त्यात गिटारचा दोष नाही.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि चिकट थर धरतं. लेमन ऑइल मिळतं, वर्षातून एकदोनदा, दोन थेंब, तारा बदलताना, आणि लगेच पुसून काढायचं. महिनाभर वाजवणार नसाल, परीक्षा किंवा गावाकडं लग्नं असतील, तर सगळ्या तारा एक-एक स्वर खाली उतरवून ठेवा, पूर्ण सोडू नका. रोज वाजवत असाल तर तीन-चार महिन्यांनी तारा बदला, आणि बदलताना सगळ्या एकदम काढण्यापेक्षा एक काढून एक लावत गेलात तर नेकवरचा ओढा एकदम जात नाही आणि नवीन हाताला कुठली तार कुठं होती हा गोंधळ पण होत नाही.